करपल्या दुधाचा वास

“बाय, दूध करपता गो! धाव आधी!”

मी देव्हाऱ्याच्या दाराला पॉलिशचा हात देत होते. आबांची हाक अशी की घराला आग लागली असावी. हातातला बोळा तिथेच टाकून मी पडवीतून माजघरात आणि माजघरातून स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद होता. शेगडीला हात लावून पाहिला, गार. दुधाचं पातेलं सकाळी घासून फळीवर पालथं घातलं होतं, ते तसंच पालथं होतं. त्या दिवशी रतीबवाला फिरकलाच नव्हता आणि चहासुद्धा आम्ही कोराच प्यालो होतो.

परत आले तेव्हा आबांनी घासायचं मशीन बंद केलं होतं. मावळतीचं ऊन कवाडातून तिरपं आत आलं होतं आणि त्यात सागवानाची पूड तरंगत होती. आबा मान वर करून उभे होते.

“घरात दूधच नाय, आबा. करपतला काय?”

“नाय?”

“थेंब नाय.”

“माका वास इलो. ह्यो बघ, अजून येता.”

मी दोनदा जोरात हुंगलं. ताजा साग आणि पॉलिशमधलं स्पिरिट नि चपडा, ह्यापलीकडे त्या खोलीत कसलाही वास नव्हता. आबांनी माजघराच्या दाराकडे पाहिलं. भुशाने पांढऱ्या झालेल्या त्यांच्या मिशा जरा हलल्या.

“मगे ती इली आसतली,” ते म्हणाले आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

ती म्हणजे माझी आई. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

आमचं गाव बांद्याच्या बाजूला. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव सगुण मेस्त्री. सगुण मेस्त्रींचे देव्हारे बेळगाव-कोल्हापूरपर्यंत जायचे. लोक त्यांच्या नक्षीचं कौतुक करत, पण आबांना स्वतःला अभिमान होता तो नाकाचा. डोळे मिटून नुसतं लाकूड हुंगायचं आणि हा साग, ही शिवण, हा फणस, हे सांगायचं. एवढंच काय, साग कुठल्या डोंगरातला तेही ठोकून द्यायचे. ते खरं की खोटं, तपासायला डोंगरात जातो कोण?

पूर्वी रंध्याने लाकूड तासायचे तेव्हा लाकडाच्या गुंडाळ्या पायाशी पडायच्या. पायाने कोपऱ्यात सारल्या की झालं. मग घासायचं मशीन आलं. काम भराभर व्हायला लागलं, पण गुंडाळ्या गेल्या आणि पूड आली. पिठाच्या गिरणीत असते तशी ती सगळीकडे असायची. भुवयांवर, चहाच्या कपात, देवाच्या फोटोवर. आबा त्या पुडीत तोंड उघडं ठेवून भजन म्हणत काम करत. काम संपलं की गाल फुगवून नक्षीतला भुसा फुंकत, आणि फुंकलेला भुसा अर्थातच पुढच्या श्वासाला त्यांच्याच नाकात जाई.

त्याची कुणाला फिकीर नव्हती, कारण आमच्या सुतारांत एक गोष्ट पक्की ठरलेली. भुशावर औषध गूळ. दिवसभर लाकूड घासावं, संध्याकाळी सुपारीएवढा गूळ तोंडात टाकावा, भुसा आपोआप उतरतो. आजोबांनी आबांना सांगितलं, आबांनी गड्यांना सांगितलं. आईने ह्यात आपली भर घातली ती हळद घातलेल्या गरम दुधाची. गूळ आणि दूध घसा धुतील, पण नाक कोण धुवील, हा प्रश्न आमच्यात कुणालाच कधी पडला नाही.

आई दूध तापत ठेवायची आणि तेवढ्यात पडवीच्या दारात येऊन आबांशी बोलत उभी राहायची. बोलायला लागली की तिला घरदार आठवत नसे. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून ती कुणाच्या लग्नात काय झालं ते सांगायची, आबा मान डोलवायचे, आणि आत दूध करपायचं. मग आबा ओरडायचे, “जयवंती, तुजा दूध!” ती कपाळावर हात मारून धावायची.

“रोज करपवतंस. म्हशीक काय तोंड दाखवू मी?”

“करपलेला दूध पित्ताक बरा,” ती आतून उत्तर द्यायची.

आबा कुरकुरत पेला तोंडाला लावायचे आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. माझं सगळं बालपण त्या करपट वासात गेलं. पावसाच्या शेवटाला आईला ताप आला आणि चार-सहा दिवसांत ती गेली. त्यानंतर आमच्या घरात दूध करपलं नाही. मी दूध तापवताना समोर उभी राहते, मी तिच्यासारखी नाही.

तर त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. दिवेलागण जवळ आली, कवाडातलं ऊन तांबूस झालं की आबा काम थांबवायचे. नाकपुड्या फुगवून उभे राहायचे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल व्हायच्या. कधी हळूच म्हणायचे, “आज लयच करपवल्यान.” मी हातातला बोळा घट्ट धरून त्यांच्याकडे पाहत राहायची. मला भीती वाटायची, हे खरं. पण भीतीपेक्षा राग जास्त यायचा. त्या स्वयंपाकघरात दिवसरात्र मी राबत होते. तिची भांडी मी घासत होते, तिच्या जागेवर मी झोपत होते. आणि यायचंच होतं तर तिला माझ्याकडे यायला काय झालं होतं? मी दारं लावून स्वयंपाकघरात उभी राहून हुंगत राहायची. फोडणीचा वास यायचा, रॉकेलचा यायचा. आई यायची नाही.

आबांची बहीण, मथुराआते, वाडीतच राहायची. तिच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. ती आली ती थेट पडवीत येऊन बसली.

“सगुण, तिचा काय तरी रवला आसतला. अतृप्त आसतली.”

“आई आणि अतृप्त?” मी म्हटलं. “पोटभर जेवली, पोटभर बोलली. तिचा काय रवतला?”

“तू गप रव. रवळनाथाक गाऱ्हाणा घालूया, नारळ ठेवूया. सुटात बिचारी.”

आबांनी मशीन बंद केलं. ते बहिणीशी कधी मान वर करून बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

“मथुरे, माझ्या घरातला देवाक काय एक सांगू नको. तिका सोडवूची नाय माका.”

आते माझ्याकडे बघायला लागली आणि मी आतेकडे. जाताना तिने माझ्या दंडाला धरून अंगणात नेलं आणि म्हणाली, “शैला, तुजो बापूस तिच्यामागना जातलो. लक्ष ठेव.” आतेचं बोलणं मी एरवी ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडते. हे मात्र मनात रुतून बसलं.

मग एके दिवशी कपडे धुताना त्यांच्या पंच्यावर मला रक्ताचे डाग दिसले. ताजे नव्हते, जुनेही होते, धुऊन धुऊन तपकिरी झालेले. म्हणजे आबा गुपचूप स्वतः पंचा धूत होते. मी तो तसाच ओला हातात घेऊन पडवीत गेले.

“ह्या काय?”

“घोळणो फुटता कधी कधी. उष्णता आसा.”

“कधीपासना?”

“आता त्याची काय मी जत्रा भरवतलंय?” ते चिडले. आणि बोलता बोलताच उजव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार ओठांवर आली. डावी नाकपुडी कोरडी. मला आठवलं, ते हल्ली नेहमी तोंडाने श्वास घेतात, आणि झोपेत त्यांची उजवी बाजू शिट्टी वाजवते.

मी आत जाऊन कांदा ठेचला. घोळणा फुटला की ठेचलेला कांदा हुंगायला द्यायचा, हे आईचंच. कांदा असा जहाल होता की ठेचता ठेचता माझ्याच डोळ्यांतून धारा लागल्या. तो मी त्यांच्या नाकाशी धरला. आबा शांत बसून राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, पण नाक मुरडलं नाही, तोंड वाकडं नाही.

“उग्र आसा ना?” मी विचारलं.

“काय?”

“कांदो.”

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग पुन्हा हुंगलं, एकदा, दोनदा. मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. काहीतरी हिशेब करतोय असा तो चेहरा होता, आणि तो हिशेब जमल्यावर त्यांनी नजर खाली घेतली.

“होय तर. उग्र आसा,” ते म्हणाले.

मी उठून सागाचा आणि शिवणीचा एकेक तुकडा आणला आणि त्यांना डोळे मिटायला लावून हुंगायला दिला. ज्या माणसाने सबंध जन्म नाकाच्या जोरावर मिशीला पीळ दिला, त्याने शिवणीला साग म्हटलं. पुढच्या खेपेला सागाला फणस म्हटलं. “सर्दी आसा,” असं म्हणून ते उठून गेले. त्याच संध्याकाळी, ऊन तांबूस झाल्यावर, त्यांना करपल्या दुधाचा वास आला.

तेव्हा मला हे नीट उलगडलं नाही, पण भुशाची मात्र धास्ती बसली. मी पडवीच्या खिडकीत बाहेर वारा फेकणारा पंखा बसवून घेतला. भुसा झाडायच्या आधी पाणी शिंपडायला लागले. नक्षीतला भुसा फुंकायचा नाही, ओल्या फडक्याने टिपायचा, असा कायदा केला. आबा ऐकायचे आणि मी पाठ वळवली की गाल फुगवायचे. नाकाला बांधायला रुमाल दिला, तो ते गळ्यात बांधायचे. शेवटी मी बाजारातून रबराचा मास्क आणला. गाड्यांना रंग मारणारे घालतात तो, दोन्ही गालांवर दोन डबे असलेला. तो पाहून आबा मागे सरले.

“ह्या नको माका.”

“कित्याक?”

“जीव गुदमारता.”

“घातल्याशिवायच गुदमारता?”

त्यांनी मिशांवरचा भुसा झटकला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “ह्या घातलंय तर तिका माझ्यापर्यंत येवक मिळाचा नाय.”

साठी ओलांडलेला माणूस, हाताखाली चार गडी राबवलेला, आणि मास्क घातला तर बायकोला वाट मिळणार नाही म्हणून घाबरत होता. मला त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं आणि गदागदा हलवावंसंही वाटलं. मी म्हटलं, “एक दिस घालून बघा. ती येवक नाय तर मी सोता चुलीत घालतंय.”

ह्या अटीवर त्यांनी तो घातला. पट्टे मी ताणून बांधले. डब्यांवर तळवे दाबून श्वास ओढायला लावला, दुकानदाराने सांगितलं होतं तसं. मास्क गालांना घट्ट चिकटला, कुठूनही हवा आत येत नव्हती. दुपारभर आबांनी देव्हाऱ्याचा कळस घासला. संध्याकाळ व्हायला लागली तशी मी त्यांच्याकडे पाहायला लागले, आणि ते कवाडाकडे.

ऊन तांबूस झालं. आबांनी मशीन बंद केलं. खोली इतकी शांत की मास्कच्या आत त्यांचा श्वास वाजलेला मला ऐकू येत होता. मग त्यांचे डोळे मोठे झाले. रबराच्या आतून त्यांचा आवाज घुमला.

“इली! बाय, ह्याच्यातना पण इली!”

त्यांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. मास्कच्या वर त्यांचे डोळे पाणावले होते. आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या मास्कातून बाहेरचा कसलाच वास आत जात नव्हता. तो लावून मी स्वतः स्पिरिटची बाटली हुंगून पाहिली होती, कणभर वास आला नव्हता. म्हणजे वास जिथून येत होता ती जागा मास्कच्या आत होती. त्यांच्या डोक्यात होती. जे बघून आबांना वाटलं की ही आता कशानेही अडत नाही, तेच बघून मला वाटलं की आता आपले आबा जाणार.

त्यानंतर मास्क घालायला त्यांना सांगावं लागलं नाही. ती अडत नाही म्हटल्यावर त्यांची काही तक्रारच नव्हती. मी मात्र हट्टाला पेटले. जेवण सोडलं, बोलणं सोडलं, आणि मथुराआतेलाही माझ्या बाजूला ओढलं. शेवटी “रक्तापुरता दाखवूया” म्हणून आबा कबूल झाले. आम्ही गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात गेलो.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला मऊ. त्यांनी नळी घालून पाहिलं, फोटो काढून आणायला सांगितले, फोटो पाहिले आणि विचारलं, “लाकूडकाम कधीपासून करता, काका?”

“जन्मलंय तेव्हापासना.”

“नाकाला काही बांधत होतात?”

“नाय. पण गूळ खायत होतंय. रोज.”

बाई हसल्या नाहीत, ह्याचं मला बरं वाटलं. “गूळ पोटात जातो, काका. भुसा नाकातच राहतो,” त्या म्हणाल्या. मग फोटो उजेडावर धरून त्यांनी आम्हाला गाठ दाखवली. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, डोळ्यांच्या मधे. चांगली गाठ नव्हती. वर्षानुवर्षं लाकडाची बारीक पूड जिथे बसते तिथेच अशी गाठ धरते, त्या म्हणाल्या. पण पसरलेली नाही, आता काढली तर माणूस जगेल.

मी करपल्या दुधाचं सांगितलं. आबांनी माझा हात दाबला, तरी सांगितलं.

“वास कळणाऱ्या शिरा तिथेच असतात,” बाई म्हणाल्या. “गाठ त्यांना डिवचते. मग नसलेला वास येतो. बऱ्याच जणांना करपल्याचा, जळल्याचाच येतो.”

“आणि गाठ काढल्यावर?” आबांनी विचारलं.

“तो वास जाईल. पण मी खरं तेच सांगते, त्या शिराही काढाव्या लागतील. कुठलाच वास पुन्हा येणार नाही.”

आबा उठले. खुर्चीच्या पाठीवरचा पंचा खांद्यावर टाकला. “मगे नको,” असं म्हणून त्यांनी बाईंना हात जोडले आणि बाहेर पडले.

परतीच्या एसटीत आबा खिडकीकडे तोंड करून बसले आणि मी फोटोंचं पाकीट मांडीवर धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर आबा पडवीत कामाला लागलेले, मास्क लावून. मी जाऊन मशीनचं बटण बंद केलं.

“आबा, मरशात तुमी.”

त्यांनी मास्क गळ्यात ओढला. “एक दिस सगळेच मरतत.”

“डॉक्टरीण काय बोलली ता ऐकलास ना? आई नाय ती. गाठ आसा ती, गाठ! कोणाकय येता तसलो वास!”

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी भुशाने भरलेलं बाक हाताने पुसलं आणि मला बस म्हणाले. मी बसले.

“तू काय समाजलंस? माका ठाऊक नाय?” ते म्हणाले. “तू कांदो धरलंस त्याच दिशी माका कळला. कांद्याचो वास येणा नाय, शिवणीचो येणा नाय, आणि नसलेल्या दुधाचो येता. इतको काय मी खुळो नाय.”

“मगे मास्कातना इली म्हणान नाचलास कित्याक?”

“नाचलंय.” ते जरा हसले. “गेली नाय म्हणान नाचलंय. खोटी तर खोटी. पण इली ना? दिसभर मी वाट बघतंय आणि सांजेक ती येता. तुका नाय कळाचा ता.”

हे ऐकून माझ्यात काहीतरी फुटलं. आई गेल्यावर लोकांसमोर मी रडले होते, रीत म्हणून. त्या सकाळी मी खरी रडले, तोंडाला येईल ते बोलत.

“माका नाय कळाचा? माझी कोण नाय होती ती? मी चुलीकडे उभी रवान हुंगतंय, माका येता काय ती? एक दिस इली नाय माझ्याकडे! तुमच्याकडे खोटी तरी येता. आणि तुमी गेल्यावर माझ्याकडे कोण येतला? तुमका खोटी जयवंती व्हयी, आणि खरी शैला समोर बसलीसा ती दिसणा नाय?”

आबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर लेकीपायी वाटणारी बापाची भीती मी पहिल्यांदा पाहिली. मला वाटतं, मी स्वयंपाकघरात उभी राहून हुंगते हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांना वाटलं असावं की पोर तरुण आहे, ही सावरली. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. हातावरचा भुसा माझ्या केसांत पडला, तो त्यांनी बोटांनी एकेक करून काढायला घेतला.

“रडू नको,” ते म्हणाले. मग खूप वेळ काढतच राहिले. केस साफ झाल्यावरही काढत राहिले. “कधी जावक होया थय, इस्पितळात?”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्हाला दाखल करून घेतलं. संध्याकाळी नर्स त्यांना तपासणीसाठी न्यायला आली, तेव्हा ते व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसले होते. समोर इस्पितळाच्या आवारातली नारळाची झाडं, त्यांच्यावर तांबूस ऊन.

“बाये, वायच थांबशील?” त्यांनी नर्सला विचारलं. ती पोर गोव्याची, काय समजली कुणास ठाऊक, पण थांबली.

आबांनी डोळे मिटले. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांचा हात धरला. आणि मीही डोळे मिटून हुंगलं, जीव एकवटून हुंगलं. एकदा तरी, त्यांच्या हातातून माझ्या हातात, कसंतरी यावं म्हणून. फिनेलचा वास आला, बाकी काही नाही. आबांच्या बोटांनी मात्र माझी बोटं घट्ट आवळली आणि मग हळूहळू सोडली. बऱ्याच वेळाने ते उठले, नर्सला म्हणाले, “चल.” त्यांनी आईला काय सांगितलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. नंतर महिनाभर किरणांचे शेक घ्यावे लागले, त्यात ते फार खंगले. पण जगले. त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगले, माझं लग्न केलं, नातवाला रंधा धरायला शिकवलं आणि म्हातारपणाने गेले. आता पडवी माझ्या ताब्यात आहे. गड्यांना मास्क घातल्याशिवाय मी मशीनला हात लावू देत नाही आणि गुळाचं नाव काढलं की अंगावर धावून जाते. दिवेलागणीला मात्र माझा हात आपोआप थांबतो. मास्क काढते आणि जरा वेळ उभी राहते. अजून कोणी आलेलं नाही, ना आई, ना आबा. तरी उभी राहते.

मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या संध्याकाळचं. शेक संपवून घरी आल्यावर आबा जिद्दीने पडवीत जाऊन बसले होते. अंगात जोर नव्हता, एका लहानशा चौरंगाची कड तेवढी घासत होते. मी समोर पॉलिशचा बोळा घेऊन बसले होते, पण माझं लक्ष कवाडाकडे होतं. आज काय होणार ह्या भीतीने मी एकाच जागी पुन्हा पुन्हा बोळा फिरवत होते. ऊन तांबूस व्हायला लागलं तसं मला वाटलं, काहीतरी निमित्त काढून ह्यांना इथून उठवावं.

आबांनी मशीन बंद केलं. मास्क काढून मांडीवर ठेवला. मान वर करून, डोळे मिटून बसले, पूर्वी बसायचे तसेच. नाकपुड्या फुगल्या. मी बोळा खाली ठेवला. ऊन कवाडावरून भिंतीवर चढलं आणि भिंतीवरून नाहीसं झालं. खोलीत अंधारायला लागलं तरी ते बसून होते.

“आबा,” मी अखेर हाक मारली.

त्यांनी डोळे उघडले. माझा चेहरा पाहिला आणि त्यांना कळलं असावं, मी कशाला घाबरले होते ते. माजघराच्या दाराकडे मान करून ते म्हणाले, “आज करपूक नाय गो. इतक्या वरसांनी आज लक्ष ठेवल्यान दुधावर.”

मग त्यांनी मास्क चढवला, मला दिवा लावायला सांगितलं आणि मशीन सुरू केलं.